न्यू जर्सीचा गार्ड, टेक्सासची नोकरी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमचा मुलगा कॉलेजात असताना इथल्या आर्मी नॅशनल गार्डमध्ये भरती झाला. हुद्दा स्पेशालिस्ट, काम लष्करी गाड्यांच्या दुरुस्तीचं. आता त्याला डॅलसला नोकरी लागली आहे आणि महिन्याभरात रुजू व्हायचं आहे. गार्डचा करार मात्र अजून बाकी आहे. त्याचा मित्र सांगतो, पत्ता बदलला की बदली आपोआप होते, तोवर ड्रिलला, म्हणजे दर महिन्याच्या वीकेंडच्या सरावाला, नाही गेलं तरी चालतं. हे खरं का? की त्याने सरळ आर्मी रिझर्व्हमध्ये जावं? तो नुसतं ‘बघू’ म्हणतो, आणि आम्हाला झोप नाही.
— एक आई

उत्तर : मित्राचं अजिबात ऐकू नका. आपोआप काहीही होत नाही. पेनसिल्वेनियातल्या एका आर्मरीत, म्हणजे गार्डच्या युनिटच्या ठाण्यात, मी अनेक वर्षं बदल्यांचे हेच कागद पाहिले आहेत. ‘आपोआप होईल’ म्हणून निघून गेलेल्या चांगल्या मुलांचं रेकॉर्ड खराब होताना पाहून फार वाईट वाटायचं.

गार्ड हे राज्याचं दल आहे. भरतीच्या वेळी तुमच्या मुलाने देशाच्या राज्यघटनेबरोबर न्यू जर्सीच्या राज्यघटनेचीही शपथ घेतली आहे. म्हणजे डॅलसला जाणं ही एका राज्याच्या दलातून सुटून दुसऱ्या राज्याच्या दलात दाखल होण्याची गोष्ट आहे. त्याला इंटरस्टेट ट्रान्सफर म्हणतात. दोन्ही राज्यांत हे काम बघणारी माणसं असतात, ती आपसात बोलतात. टेक्सासमध्ये त्याच्या हुद्द्याची आणि कामाची जागा रिकामी असावी लागते. मगच ऑर्डर निघते, आणि त्याला काही आठवडे लागतात, कधी काही महिनेही.

तोवर तो न्यू जर्सीचाच. ड्रिलच्या एका वीकेंडला साधारण चार हजेऱ्या लागतात. बारा महिन्यांत परवानगीशिवाय नऊ गैरहजेऱ्या झाल्या की शिपायावर ‘सहभाग असमाधानकारक’ असा शेरा बसू शकतो. दोन वीकेंड बुडले की आठ झाल्या, तिसऱ्या वीकेंडच्या शनिवारी सकाळीच नववी. पुढे हुद्दा उतरण्यापासून सन्मानपूर्वक न झालेल्या सेवामुक्तीपर्यंत काहीही होऊ शकतं, आणि तो कागद नोकरीच्या अर्जात जन्मभर मागे लागतो. म्हणून त्याने आजच आपल्या युनिटच्या रेडीनेस सार्जंटला, म्हणजे युनिटचं रोजचं कार्यालयीन काम बघणाऱ्याला, फोन करावा, मग नोकरीचं पत्र, नवा पत्ता आणि रुजू होण्याची तारीख ईमेलने पाठवावी. ऑर्डर येईपर्यंत डॅलसजवळच्या एखाद्या युनिटमध्ये ड्रिल करून हजेरी न्यू जर्सीकडे लावता येईल का, हेही विचारावं. परवानगी मिळाली तर ती लेखी हवी. आणि ताई, फोन त्याने स्वतः करायचा, तुम्ही नाही. आईचा फोन आला की सार्जंट नम्रपणे ऐकून घेतो, पण कागद हलत नाही.

टेक्सास केवढं आहे हे लक्षात असू द्या. डॅलस ते एल पासो हजार किलोमीटर, आणि दोन्ही एकाच राज्यात. ‘टेक्सासमध्ये जागा आहे’ एवढ्यावर हो म्हणू नये, आर्मरी कुठल्या गावात ते विचारावं. मेकॅनिकची जागा नसली तर दुसरं काम शिकायला सांगतील. त्याने भरतीचा बोनस घेतला असेल तर काम बदलल्यावर त्याचं काय होतं, ते करारात वाचल्याशिवाय सही करू नये. न्यू जर्सीच्या सरकारी कॉलेजांतली फीमाफी राज्याची आहे, ती तिथेच राहील. केंद्राचे शिक्षणाचे लाभ मात्र बरोबर जातात.

आता रिझर्व्हचं. आर्मी रिझर्व्ह पूर्णपणे केंद्राची, तिथे गार्डसारखा राज्याच्या गव्हर्नरचा हुकूम चालत नाही, त्यामुळे पुढे राज्य बदललं तरी युनिट बदलणं सोपं जातं. शिवाय तिच्यात दुरुस्ती, वाहतूक, वैद्यकीय अशी साहाय्यक युनिट्सच जास्त, म्हणजे मेकॅनिकला वाव आहे. पण गार्डमधून तिकडे जायला न्यू जर्सीची संमती लागते. त्या संमतीचा फॉर्म म्हणजे डीडी ३६८. या नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणार असेल, तर मी रिझर्व्ह सुचवेन. डॅलसलाच घर करायचं असेल, तर गार्डमध्येच राहावं. तिथे संकटाच्या वेळी आपल्याच शेजाऱ्यांच्या मदतीला जाता येतं. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळात टेक्सासच्या गव्हर्नरांनी राज्याचा सगळा गार्ड, सुमारे १२ हजार जण, बोलावला होता. अशी हाक त्यालाही येऊ शकते, तुम्ही मनाची तयारी ठेवा.

नव्या कंपनीला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावं. लष्करी सेवेतल्यांच्या नोकरीला संरक्षण देणाऱ्या १९९४ च्या यूसेरा कायद्यामुळे ड्रिलसाठी रजा नाकारता येत नाही. सामान हलवायचा खर्च मात्र लष्कर देणार नाही, कारण ही बदली त्याने मागितलेली आहे. ट्रायकेअरचा, म्हणजे लष्कराचा आरोग्य विमा घेतला असेल तर नवा पत्ता डीअर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या लाभार्थी नोंदणीत, नोंदवावा. आणि निघण्याआधी युनिटचं सामान सांभाळणाऱ्या सप्लाय सार्जंटकडे जाऊन यावं. अंगावरच्या किटमधलं काय परत करायचं, काय टेक्सासला न्यायचं ते विचारून प्रत्येक वस्तूची पावती घ्यावी, कारण हरवलेल्या वस्तूचे पैसे पगारातून कापले जाऊ शकतात.