मुंबई हायचे तेल कोकण किनाऱ्यासमोरच असताना आखातासारखा परकीय लष्करी हस्तक्षेप इथे का होत नाही?
याचे प्रमुख कारण असे की बाहेरच्या सत्तांना निर्यातीजोगा प्रचंड साठा हवा असतो, आणि 1974 मध्ये सापडलेल्या मुंबई हायचे उरणला उतरणारे तेल आपल्यालाच इतके अपुरे पडते की देशाच्या गरजेपैकी 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करावे लागते. ज्या आखातात कोकणातली असंख्य माणसे पोटासाठी गेली आहेत, तिथे मात्र हा हेतू स्पष्ट दिसतो: इराणने 1951 मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण केले आणि 1953 मध्ये पंतप्रधान मोसादेक यांचे सरकार अमेरिका व ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणांच्या साहाय्याने उलथवले गेले, ही माझ्या मते उघड अन्यायाची गोष्ट होती. तरीही तेल हे एकमेव कारण मानू नये. 2003 मध्ये अमेरिकेने इराकवर केलेल्या आक्रमणानंतर इराकने 2009 मध्ये केलेल्या लिलावांत चिनी आणि रशियन कंपन्यांनाही मोठी तेलक्षेत्रे मिळाली.