वापरलेला बेस गिटार घेऊन त्याचे पिकअप आणि ब्रिज बदलावेत का? घेताना नेमकं काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने मित्राचा बेस वाजवून झाला आणि आता स्वतःचा घ्यायचाय. ओळखीतले सगळे सांगतायत, "साधा, वापरलेला घे, मग पिकअप आणि ब्रिज बदलून टाक." यातलं पहिलं मला पूर्ण पटतं, वापरलेला बेस जरूर घ्या. दुसऱ्या गोष्टीला मात्र निदान दोन महिने हात लावू नका. (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून ॲम्पकडे पाठवणारं चुंबकी यंत्र, ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकतात तो धातूचा भाग.)

बेसमध्ये जवळपास सगळं बदलता येतं. पिकअप, ब्रिज, तारा पिळायचे ट्यूनर, आवाज कमीजास्त करायचे पॉट, केबलचा जॅक, हवा तर रंगसुद्धा. नेक, म्हणजे तारा दाबतो तो लांब दांडा, बदलणं मात्र खर्चाचं काम आहे, आणि हाताला बसलेला नेक पुन्हा मिळेलच याची खात्री नाही. म्हणून बेस बघायला गेलो की मी नेक विकत घ्यायला आलोय असंच समजतो. चार तारांचा मिळून ताण साधारण ७०-८० किलो भरतो आणि वाजवा अथवा नका वाजवू, तो त्या लाकडावर रात्रंदिवस असतो. दहा-पंधरा वर्षं तो ताण सोसून जो नेक सरळ राहिला, तो नव्या नेकपेक्षा भरवशाचा. वापरलेला बेस घ्या म्हणतो ते यासाठीच.

सुतार फळी पारखतो तसा एक डोळा मिटून हेडस्टॉककडून (ट्यूनर असतात त्या टोकाकडून) नेकच्या दोन्ही कडांवरून नजर टाका. किंचित बाक दिसला तर तो हवाच असतो. पण एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली दिसली, तर नेकला पीळ पडलाय. असा बेस कितीही देखणा असला तरी ठेवून निघा. मग मालकाला विचारून ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली लोखंडी सळई) दोन्ही बाजूंना जरासा फिरतो का बघा. रॉड शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि बाक तरीही जास्त असेल, तर पुढे सुधारायला जागाच उरलेली नाही.

त्यानंतर ॲम्प न लावता प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) वाजवा. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. सर्वात बारीक, म्हणजे जी (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो का, ते कान देऊन ऐका. नेक त्या सुराच्या आसपास स्वतः थरथरतो आणि तारेची शक्ती खाऊन टाकतो. याला डेड स्पॉट म्हणतात. पिकअप बदलून तो जात नाही. हेडस्टॉकवर वजन लावलं तर थोडा सरकतो, एवढंच. चांगल्या चांगल्या बेसमध्येही तो सापडतो, त्यामुळे तेवढ्यावरून नकार देऊ नका. तो सूर तुमच्या वाजवण्यात किती येतो, याचा विचार करा. पॉट फिरवताना खरखर होत असेल तर बहुतेक वेळा ती नुसती धूळ असते, क्लीनरने जाते.

मॉडेलबद्दल थोडक्यात सांगतो. फेंडरचा प्रिसिजन १९५१ मध्ये आला, १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला, आणि १९६० मध्ये दोन पिकअपचा जॅझ बेस आला. आज बाजारात दिसणारे बहुतेक बेस या दोघांपैकी एकाच्या वळणावर बनलेले असतात. दोघांचा स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंचच आहे, पण जॅझचा नेक नटपाशी (हेडस्टॉकजवळ तारा ज्या खाचांतून जातात तिथे) ३८ मिमीच्या आसपास असतो आणि प्रिसिजनचा ४१ ते ४४. हा फरक आवाजाच्या फरकाआधी हाताला कळतो. आखूड बोटांना ३४ इंच खरोखर जड जात असेल तर ३० इंचाचा शॉर्ट स्केल घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता बेस घरी आला असं धरू. माझ्या दुसऱ्या बेसचा आवाज मेल्यासारखा होता आणि पाचव्या फ्रेटपुढे तार दाबायला जोर लागायचा. पिकअपच वाईट आहेत असं मी ठरवलं आणि नवे बसवले. आवाज होता तसाच राहिला. एका जाणत्या वादकाने तो हातात घेतला, तार दाबून नेकचा बाक बघितला, तर तो जवळजवळ एक मिलिमीटर होता. तारा तर कधी बदलल्या होत्या तेही मला आठवत नव्हतं. नव्या तारा, एक ॲलन की आणि अर्धा तास, एवढ्यात तो बेस गायला लागला. त्या दिवसापासून सेटअप, म्हणजे तारा, बाक आणि उंची जुळवणं, न करता मी कुठल्याही बेसबद्दल मत देत नाही.

सेटअपला क्रम असतो आणि तो उलटसुलट केला तर सगळं पुन्हा करावं लागतं. आधी नव्या तारा घाला, पुढे ज्या जाडीच्या वाजवणार आहात त्याच. ४५ ते १०५ चा संच (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) सुरुवातीला ठीक. ट्यूनरच्या खांबापुढे १०-१२ सेंटीमीटर तार ठेवा, तिथे काटकोनात वाकवा आणि मगच कापा. सरळ कापली तर वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सैल होऊ शकतं आणि ती तार कायमची मुकी होते. मग बेस सुरात लावा. यापुढचं प्रत्येक माप बेस सुरात असतानाच घ्यायचं.

मग बाक. तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आता तीच तुमची पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली ०.३ मिमीच्या आसपास फट हवी, म्हणजे एखादं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळा, कमी असेल तर सैल करा. एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. लाकूड सावकाश स्थिरावतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत बघा. जोर लावावा लागत असेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे न्या. रॉड तुटला तर नेक गेलाच समजा.

ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, ब्रिजच्या सॅडलने (प्रत्येक तार टेकते त्या छोट्या सरकत्या तुकड्याने) ठरवायची, ट्रस रॉडने नाही. ही चूक फार जण करतात. सतराव्या फ्रेटवर सर्वात जाड ई (E) तारेखाली साधारण २.४ मिमी आणि जी तारेखाली २ मिमी ठेवून सुरुवात करा, मग स्वतःच्या हाताप्रमाणे वरखाली करा. जोरात छेडणाऱ्याला जास्त लागते. मोटाउनच्या गाण्यांवर वाजवणारा बेसवादक जेम्स जेमरसन याच्या बेसची ॲक्शन चांगलीच उंच होती आणि त्यावर जाड फ्लॅटवाउंड (वरून गुळगुळीत) तारा होत्या, त्यामुळे उंच ॲक्शन म्हणजे बिघाड असं मुळीच नाही. सॅडल तळाला टेकूनही तारा उंचच राहिल्या तर नेक काढून त्याच्या खोबणीत बॉडीच्या टोकाकडे पातळ, कडक लाकडाची पट्टी घालावी लागते. ऐकायला जुगाड वाटेल, पण कारखान्यांतूनही असे बेस बाहेर पडलेले आहेत.

तार कुठे झणझणते यावरून बरंच कळतं. पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझणत असेल तर नेक जास्त सरळ झालाय. बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल खाली गेलेत. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. फक्त उघडी तार झणझणत असेल तर नटची खाच खोल झालीय. आणि ॲम्पमधून झणझण ऐकूच येत नसेल तर बेस तसाच राहू द्या.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे पूर्ण नेकवर सूर जुळणं. बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) सूर मोजायच्या यंत्रावर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरा असेल तर पुढे.

यानंतर पिकअपची उंची. हा फुकटचा बदल आहे आणि बहुतेकांना तो सुचतच नाही. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून ई तारेखाली ३ मिमी आणि जी तारेखाली २.५ मिमीच्या आसपास ठेवा, मग स्क्रू थोडा थोडा फिरवत ऐका. फार जवळ नेलं तर चुंबक तारेला ओढतं आणि सूर डळमळतो. पिकअप खराब म्हणून टाकायला निघालेले दोन बेस मी एवढ्यावर सुधारलेले पाहिलेत.

आता बदलांकडे येतो. आधी तारांचा प्रकार बदलून बघा. राउंडवाउंडवरून (खरखरीत, नेहमीच्या तारा) फ्लॅटवाउंडवर गेलात तर बेसचा स्वभाव जितका बदलतो तितका कुठल्याही पिकअपने बदललेला मी ऐकलेला नाही. मग घरघरीचं बघा. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर आतल्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला सोल्डर करा, बराच फरक पडेल. पण तुम्ही उभ्या उभ्या वळलात की घरघर कमीजास्त होत असेल, तर ती सिंगल कॉइलने (एकाच वेटोळ्याच्या पिकअपने) पकडलेली चुंबकीय घरघर आहे आणि तांब्याने ती जात नाही. जॅझ बेसमध्ये दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की सहसा दोन पिकअपची घरघर एकमेकांना मारते. एक उतरवला की ती परत येते.

माझा सर्वात लाडका बदल जॅझ बेसचाच आहे. एका व्हॉल्यूमच्या जागी पुश-पुल पॉट (ओढल्यावर स्विचचं काम करणारा) बसवून दोन्ही पिकअप सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडता येतात. आवाज मोठा आणि मधल्या पट्टीत भरदार होतो, बॉडीला भोक पाडावं लागत नाही आणि पुन्हा जुन्यासारखं करता येतं. पॉट २५० के ओहमचाच घ्या.

ब्रिजबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सॅडल सरकत असतील, स्क्रू गंजून अडकले असतील, तर बदला. नुसता जड ब्रिज घालून आवाजात पडणारा फरक माझ्या कानाला नगण्य वाटतो, खांद्याला मात्र वजन जाणवतं. बॅटरीचा प्रीॲम्प (बेसच्या आतच आवाज वाढवणारं सर्किट) हवा असेल तर तो आधीच असलेला बेस घ्या. त्यासाठी पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसचं लाकूड कोरू नका, ते भरून येत नाही. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून जपून ठेवा, पुढे विकताना घेणारा तो हमखास मागतो.

बेस घेतलात की नव्या तारांवर मोजलेला बाक, सतराव्या फ्रेटची ॲक्शन आणि तार कुठे झणझणते ते खाली लिहा. ते आकडे समोर आले की पिकअप बदलायची गरज आहे का, ते मी नीट सांगू शकेन.