वीस तारखेनंतरचा पगार

"ताई, मी पंचवीस वर्षांची, राहणार कोल्हापूर. कॉलेजपासून व्हॉलीबॉल खेळते, गेली काही वर्षं फक्त बीच व्हॉलीबॉल. राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळले आहे. जोडीदार सांगलीची. आम्हाला आता परदेशातल्या स्पर्धा खेळायच्या आहेत. पण बाबा रोज एकच विचारतात, वाळूत उड्या मारून पोट भरतं का? शिवाय त्यांना कपड्यांची लाज वाटते, लोक फोटो बघतात म्हणे. स्थळं बघणं सुरू आहे. आई गप्प असते. एकटा दादा माझ्या बाजूनं. तो शिरोलीत फाउंड्रीत आहे, पगार एकतीस हजार, तरी दोन वर्षं झाली दर महिन्याला आठ हजार मला देतो, वहिनीला न कळू देता. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. वहिनीचं मात्र विचारू नका. घरी फॉल-पिको करते, आणि वीस तारीख उलटली की सगळ्यांसमोर म्हणते, 'यांचा पगार जातो कुठं, कळत नाही.' असले टोमणे ऐकत सराव करायचा. बाबांना कसं पटवू, ते सांगा. — वाळूतली पोरगी"

पोरी, तू बाबांविषयी विचारलंस. मी मात्र तुझ्या पत्रातल्या चार शब्दांपाशी थांबले ती थांबलेच. 'वहिनीला न कळू देता.' दादाचं कौतुक करता करता तू ते लिहिलंस आणि पुढं गेलीस.

एकतीस हजारांतले आठ हजार म्हणजे पाव पगाराहून जास्त. दोन वर्षांचे झाले एक लाख ब्याण्णव हजार. उरलेल्या तेवीस हजारांत किराणा, गॅस, लाइटबिल, औषधपाणी, पाहुणेरावळे हे सगळं बसवायचं आणि जे बसत नाही ते साड्यांच्या कडा शिवून भरून काढायचं, हे काम त्या घरात कोण करतं? साडीमागं शंभर रुपये धरले तर आठ हजार म्हणजे ऐंशी साड्या. दर महिन्याला ऐंशी साड्या मशीनखालून काढल्या तर कुठं तुझ्या दादानं गुपचूप दिलेले पैसे घरात परत येतील, आणि त्या बाईला हेही माहीत नाही की आपण काय भरून काढतोय.

आणि तू त्याला टोमणा म्हणतेस. पगार जातो कुठं, हा हिशोब लागत नाही म्हणून विचारलेला साधा प्रश्न आहे. ती चारचौघांत विचारते, कारण एकट्यात विचारून झालं असणार आणि नवऱ्यानं काहीतरी सांगून वेळ मारून नेली असणार. ती विचारते तेव्हा उत्तर माहीत असलेली दोन माणसं तिथंच बसलेली असतात. एक जण खाली मान घालून जेवतो आणि दुसरी मला पत्र लिहून सांगते की वहिनी टोमणे मारते. मला तर दाट शंका आहे की तिला थोडंफार कळलंय, आणि ती वाट बघतेय की दोघांपैकी कुणीतरी तोंड उघडेल.

दादाचं कौतुक मी करणार नाही. बहिणीच्या पाठीशी उभं राहायचं होतं तर बायकोच्या समोर उभं राहून ते करायला हवं होतं. त्यानं जे केलं त्यात तो तुझ्या डोळ्यांत मोठा झाला आणि घरात चणचण भासली की तोंड वाईट झालं वहिनीचं. पैसा गेला दोघांच्या संसारातला, पुण्य जमा झालं एकाच्या खात्यावर. तू ते भाग्य म्हणून घेतलंस. पंचवीस वर्षांची आहेस, हे तुला कळायला हवं होतं.

आता बाबा. त्यांचा कपड्यांचा मुद्दा मी एका परिच्छेदात निकालात काढते. २०१२ साली व्हॉलीबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं बायकांच्या पोशाखाचा नियम सैल केला. त्यानंतर गुडघ्याच्या जरा वरपर्यंतची शॉर्ट्स आणि बाह्यांचा टॉप घालून खेळता येतं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये इजिप्तची जोडी पूर्ण बाह्या आणि लांब पँट घालून खेळली. काय घालायचं ते तू आणि तुझी जोडीदार ठरवा, बाबांना एवढंच सांग की सक्ती कसलीच नाही.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र बरोबर आहे. वाळूत पोट भरतं का? आज नाही भरत. आणि हे फक्त तुझं रडगाणं नाही, जगभर असंच आहे. अमेरिकेच्या मिस्टी मे-ट्रेनर आणि केरी वॉल्श जेनिंग्स या जोडीनं २००४, २००८ आणि २०१२ अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली. त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सुवर्णाच्या मध्ये, २०१० च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेतली एव्हीपी ही व्यावसायिक मालिका पैसे संपले म्हणून हंगाम अर्ध्यावर टाकून बंद पडली. हा खेळ जिथं जन्मला आणि वाढला त्या देशातली ही गत, आणि तीही जगज्जेत्या खेळत असताना. पुढं मालिका पुन्हा उभी राहिली, पण त्या वर्षी कितीजणींनी उरलेल्या स्पर्धांच्या भरवशावर घरभाड्याचं गणित मांडलं असेल, विचार कर.

तुला ज्या परदेशातल्या स्पर्धा खेळायच्या आहेत, त्या बीच प्रो टूरची २०२२ पासून तीन पायऱ्यांची रचना आहे. वर एलिट, मध्ये चॅलेंज, तळाला फ्युचर्स. तुम्ही दोघी सुरुवात करणार तळातून. तिथं बक्षिसाची रक्कम इतकी छोटी असते की जिंकूनसुद्धा दोघींच्या विमानाचं भाडं निघणं अवघड. तरी जायचं, कारण गुण तिथंच मिळतात आणि दोघींचे गुण मिळून वरच्या स्पर्धेत प्रवेश ठरतो. म्हणजे आधी काही वर्षं पैसे घालायचे आणि ते परत येतील याची हमी कुणीच देणार नाही.

आपल्याकडं तर आणखी कठीण. २०२२ ला सुरू झालेली प्राइम व्हॉलीबॉल लीग पुरुषांची, आणि तीही हॉलमधली. रेल्वे घे, केरळचं वीज मंडळ घे, महिला खेळाडूंना नोकऱ्या देऊन जे संघ उभे केले ते सहाजणींच्या व्हॉलीबॉलचे. मे २०२५ मध्ये दीवला खेलो इंडियाच्या पहिल्या बीच गेम्स झाल्या, त्यात तुमचा खेळ होता, हे चांगलंच झालं. पण दीवचा आठवडा संपल्यावर घरी परत यायचं ते कोल्हापुरात, जिथं समुद्र नाही. सामन्याच्या मैदानात निदान ४० सेंटिमीटर खोल बारीक, चाळलेली वाळू लागते. आपली नदीची वाळू जाड, पाय सोलून काढणारी. धड सराव करायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची. बाहेरून बघणाऱ्याला हा खेळ स्वस्त वाटतो, बूटसुद्धा लागत नाहीत म्हणतात. खर्च कुठं होतो ते तुला माहीत आहे.

हे सगळं तू बाबांना सांगितलंस तर ते म्हणतील, मग मी काय वेगळं म्हणत होतो? म्हणून बाबांना पटवायची युक्ती माझ्याकडं नाही, आणि असती तरी आज दिली नसती. पोट भरत नाही अशा खेळात माणूस टिकतो तो दुसऱ्या कुणाच्या तरी पैशावर. ब्राझीलच्या दुदा आणि अॅना पॅट्रिसियाच घे. दोघींनी २०१४ ला युवा ऑलिम्पिकचं सुवर्ण मिळवलं आणि दहा वर्षांनी, २०२४ ला, पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या पायथ्याशी मोठ्या ऑलिम्पिकचं. त्यांच्या देशात बँको दो ब्राझील ही सरकारी बँक वर्षानुवर्षं व्हॉलीबॉलमागं उभी राहिली आणि स्पर्धांच्या मालिकेलाच बँकेचं नाव लागलं. पैसा कोण देतंय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. देणाऱ्याला मान मिळतो आणि घेणाऱ्याला खाली बघावं लागत नाही.

कोल्हापूरकराला हे मी शिकवायला नको. आपल्याकडं घरात पैलवान असला की खुराकाचा खर्च सगळ्या घराला ठाऊक असायचा. दूध किती, बदाम किती, तूप किती, आणि त्यापायी कुणाच्या ताटातलं काय कमी झालं, हेसुद्धा. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आज सत्तर वर्षांनंतरही कांस्यपदकाची गोष्ट सांगताना माणसं खर्डेकर सरांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जात नाहीत. तुझ्या वहिनीचं नाव कोण घेणार? तिनं दिलेत हे तिलाच माहीत नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुला माझ्यापेक्षा जास्त कळते. तुमच्या खेळात नेटपाशी उभी असलेली पाठीमागं हात नेऊन बोटांनी खूण करते, मी रेषेची बाजू अडवते की तिरकी. ती खूण लपवायची असते पलीकडच्या दोघींपासून. स्वतःच्या जोडीदारापासून लपवली तर पॉइंट गेलाच. तुझी वहिनी नेटच्या कुठल्या बाजूला आहे, हे तू मनात चुकीचं ठरवून बसलीस. ती तुझ्या बाजूची आहे, दोन वर्षं खेळतेय, आणि तिला एक खूणसुद्धा दाखवलेली नाही.

तर आता काय करायचं ते ऐक. वहिनीला सांगायचं. बाबांच्या आधी, आईच्या आधी, आणि येत्या आठवड्याच्या आत. दादा शेजारी बसलेला असू दे, पण बोलायचं तू. दादा म्हणेल, कशाला उगाच घरात भांडण. त्याला सांग, भांडण दोन वर्षांपूर्वीच व्हायचं होतं, ते फक्त लांबवलं गेलंय.

जाताना वही घेऊन जा. किती आले, कधी आले, कशावर गेले. प्रवास, प्रवेश फी, बॉल, वाळूची ट्रॉली, फिजिओ, जे असेल ते. मिळालेली बक्षिसं पण लिही, कितीही लाजिरवाणी रक्कम असली तरी. जिथं आठवत नाही तिथं आठवत नाही असं लिही, जुळवून लिहू नकोस. घरातली पैसा खेळवणारी बाई खोटा आकडा लगेच ओळखते. मग तिला सांग की पुढं काय करायचं आहे, अजून किती वर्षं, किती खर्च, आणि कुठल्या तारखेला तू थांबून पुन्हा हिशोब मांडणार. आणि विचार, वहिनी, तुमचं काय म्हणणं आहे.

माफी मागायची तर एकदाच, स्वच्छ. रडू नकोस. तू रडलीस की तिला तुझी समजूत काढावी लागेल आणि तिचा राग मनातच राहील. ती चिडेल, चिडू दे. ती कदाचित तुझ्यावर कमी आणि दादावर जास्त चिडेल, तेव्हा दादाची वकिली करायला पुढं होऊ नकोस. ते दोघं बघून घेतील.

ती आठाऐवजी चार म्हणाली तर चार. हे उसने आहेत, परत पाहिजेत म्हणाली तर कागदावर लिहून दे. उद्यापासून एक रुपया नाही म्हणाली, तर तेही मान्य करायचं आणि त्या रात्री तोंड पाडून फिरायचं नाही. शाळेत खेळ शिकव, सुट्टीत मुलींचे वर्ग घे. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तुझी राष्ट्रीय स्पर्धेची प्रमाणपत्रं पडताळणीत बसतात का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन स्वतः विचारून ये. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे २०२४ ला ऑलिम्पिकचं कांस्य घेऊन आला, तेव्हा तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. नोकरी करत खेळलं म्हणून खेळाडू छोटा होत नाही.

सांगलीच्या मुलीचाही विचार कर. तुमच्यात राखीव खेळाडू नसतो. एक थांबली की दुसरीची स्पर्धा संपली. तुझा पैसा ज्या दिवशी वहिनीच्या हाती पासबुक लागेल त्या दिवशी बंद होणार आहे, तो दिवस स्पर्धेच्या आदल्या दिवशीही येऊ शकतो. तुझ्याबरोबर एक मुलगी आपली वर्षं लावून बसलीय, आणि तुमची जोडी ज्या पैशावर उभी आहे तो असा लपवलेला आहे, हे तिलाही माहीत नसणार.

बाबांची स्थळं थोडी थांबतील. त्यांच्या प्रश्नाला आज नाही तर महिन्याभरानं उत्तर देता येईल, आणि तेव्हा तुझ्या बाजूनं कोण बोलतंय हे बघायला मला आवडेल. तोवर एक कर. पुढच्या पगाराला दादा आठ हजार घेऊन आला तर हात पुढं करू नकोस. वहिनीशी बोलणं झालं नसेल तर ते पाकीट त्याच्याच हातून तिच्याकडं जाऊ दे.