वाचकांचे प्रश्न : शेवटच्या घटकेचा विश्वास आणि चाळीस वर्षांची सेवा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून गेली चाळीस वर्षे आमच्या मंडळीत संडेस्कूल घेते. माझ्या धाकट्या दिरांनी सारे आयुष्य दारूत घालवले, जावेचे दागिने विकले, चर्चची पायरी ते लग्नकार्यापुरतीच चढले. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात त्यांनी पश्चात्ताप करून प्रभूचा स्वीकार केला आणि दफनविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी त्यांचे तारण, म्हणजे पापापासून सुटका, झाल्याचे सांगितले. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तारण कृपेनेच होत असेल, तर माझ्या चाळीस वर्षांना अर्थ काय? (नाव छापू नये.)
— एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : बाई, आनंद झाला नाही हे आपण लपवले नाही, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो, कारण हा प्रश्न पुष्कळ जुन्या विश्वासणाऱ्यांच्या मनात असतो आणि तो विचारणारे थोडे असतात.

कृपा हा शब्द आपण मराठी माणसे उठताबसता वापरतो. रिक्षाच्या पाठीवर ‘आईची कृपा’ असते, बंगल्याच्या फाटकावर ‘साईकृपा’ असते, आणि ‘देवाच्या कृपेने सगळे ठीक आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा मुलाला नोकरी आहे आणि घराचे हप्ते वेळेवर जात आहेत, एवढेच बहुधा सांगायचे असते. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’ असा आहे. प्रेषित पौल आपल्या पत्रांत तो तारणाविषयी वापरतो तेव्हा घेणाऱ्याची लायकी न पाहता, देणाऱ्याच्या चांगुलपणातून आलेले दान, असा त्याचा अर्थ असतो. म्हणूनच रोमकरांस लिहिताना तो मजुरी आणि कृपा यांना समोरासमोर ठेवतो : काम करणाऱ्याची मजुरी ही कृपा नव्हे, ते त्याचे येणे आहे. आपला प्रश्न मजुरीच्या हिशेबातून आला आहे. तो हिशेब चुकीचा नाही, पण तो या ठिकाणी लागू पडत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला, ज्यात पहाटेपासून राबलेल्यांना आणि पाच वाजता आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो, आपण मुलांना कितीदा तरी शिकवला असेल. तो एकदा आपल्या शहरातल्या मजूर नाक्यावर नेऊन पाहा. सकाळी सातला मुकादम येतो आणि धट्टीकट्टी माणसे निवडून टेम्पोत बसवतो. नऊनंतर गर्दी पांगते. दुपारनंतरही जे तिथेच उभे असतात, ते म्हातारे, खोकणारे, हात थरथरणारे असतात. त्यांच्या डब्यातली भाकरी संपलेली असते आणि घरी रिकाम्या हाताने काय तोंड दाखवायचे, हा घोर त्यांना लागलेला असतो. दाखल्यातले पाच वाजताचे मजूर आळशी होते असे प्रभू कुठेही म्हणत नाही. आम्हाला कोणी कामावर लावले नाही, एवढेच त्यांचे उत्तर आहे. पहाटे काम मिळालेल्याला ऊन लागले हे खरे. पण संध्याकाळच्या चुलीची काळजी त्याला दिवसभर नव्हती. आपले चाळीस वर्षांचे रविवार हे कृपेसाठी मोजलेले दाम नव्हते, बाई. ते रविवारच कृपा होते. आपल्या दिरांच्या वाट्याला त्यांतला एकही आला नाही, आणि इस्पितळातल्या त्या आठवड्यात ही हानी त्यांना आपल्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसली असेल.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला आणि 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. म्हणजे विधवांसाठी अख्खी संस्था उभी करणारी ही बाई म्हणते की त्या वेळी माझे हात भरलेले होते, पण मी रितीच होते. कृपा उमगल्यावर त्यांचे काम थांबले का? 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्या, केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, ज्याचे काम त्या 1922 साली मृत्यूपर्यंत करत होत्या. पौलानेही करिंथकरांस हेच लिहिले आहे : इतरांहून अधिक श्रम मी केले, पण ते मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या कृपेने केले. इफिसकरांस पत्रातील दुसऱ्या अध्यायाचे, तारण कर्मांनी नव्हे तर कृपेने होते असे सांगणारे, आठवे आणि नववे वचन आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. दहावे, ज्यात आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत असे म्हटले आहे, ते मात्र का कोण जाणे पाठांतरातून गळते.

दोन गोष्टी मात्र स्पष्टपणे सांगायला हव्यात. दफनाच्या वेळी कोणाच्याही तारणाचा निकाल जाहीर करणे पाळकांचे काम नव्हे, असे माझे मत आहे. वधस्तंभावरच्या चोराला सुखलोकाचे वचन खुद्द प्रभूने दिले होते. आणि आपल्या जावेच्या दागिन्यांचा प्रश्न कृपेने मिटत नाही. जक्कय या जकातदाराला क्षमा लाभली, तेव्हा त्याने लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे ठरवले. आपल्या दिरांना तेवढा वेळ मिळाला नाही. म्हणून त्या माउलीचे ऐकून घेणे आणि तिचा संसार सावरणे हे आता घराचे आणि मंडळीचे काम आहे. आपला राग बराचसा तिच्याकरता असावा, असे पत्र पुन्हा वाचताना मला वाटले. तसे असेल तर तो राग सोडू नका, तो तिच्या उपयोगी पडू द्या.

प्रश्न : मी प्रोटेस्टंट घरातली, पती वसईचे कॅथोलिक. तुमच्यात कृपा आणि आमच्यात कर्मे, असे नातेवाईक थट्टेने म्हणतात. हा फरक खरा आहे का?
— एक वाचक, वसई

उत्तर : थट्टेपुरता ठीक आहे, शिकवणुकीपुरता नाही. माणूस स्वतःच्या बळावर, कृपेवाचून देवापुढे नीतिमान ठरू शकत नाही, हे ट्रेंटच्या कॅथोलिक धर्मसभेनेही 1547 साली निःसंदिग्धपणे सांगितले होते. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथोलिक चर्च आणि प्रोटेस्टंटांपैकी लूथरन जागतिक महासंघ यांनी, माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करतो, हे त्यात दोघांनी मिळून मान्य केले आहे. मेथॉडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथानेही 2006 साली त्याला संमती दिली. संस्कार, पुण्यफल आणि सद्गतीची खात्री यांविषयी मतभेद उरले आहेत, आणि ते लहान नाहीत. पण नातेवाईक म्हणतात तो फरक त्यांत नाही. पुढच्या वेळी जेवणाच्या पंगतीत हे घोषणापत्र खुशाल काढा.