अंटार्क्टिकाच्या बर्फात ताऱ्याच्या स्फोटातले लोह-६०, म्हणजे लोहाचा किरणोत्सारी प्रकार, सापडले म्हणतात. इतके थोडे अणू मोजतात तरी कसे?

किरणोत्सार मोजून तर नक्कीच नाही. लोह-६० चा अर्धायुकाल २६ लाख वर्षांचा. नमुन्यात २०,००० अणू असले तरी सरासरी १९० वर्षांत एकाचा क्षय होणार. म्हणून अणू स्वतःच मोजतात, एएमएस यंत्राने, म्हणजे त्वरकाला (आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राला) जोडलेल्या वस्तुमानमापीने.

हे काम २०१९ चे. अंटार्क्टिकातल्या कोहनेन या संशोधन तळाजवळचे ५०० किलो हिम, २० वर्षांपेक्षा ताजे, गोठलेलेच म्युनिकला नेले. असे हिम वितळवून गाळतात, गाळणी जाळतात, पाणी आटवतात. त्यात काही मिलिग्रॅम साधे लोह मिसळावे लागते, नाहीतर हाताळायला काही उरतच नाही. हे लोह जास्त झाले की त्यातले लोह-६० चे प्रमाण फारच कमी होते. कमी झाले तर नमुना यंत्रात लवकर संपतो.

खरी डोकेदुखी निकेल-६० ची. वजन जवळपास तेच, आणि निकेल सगळीकडे असते. स्टेनलेस स्टीलची भांडी-चमचे वापरलेत तर नमुना वाया गेलाच समजा. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात आयन-विनिमय स्तंभावर (आयन धरून ठेवणारे दाणे भरलेल्या नळीत) लोह चिकटते, निकेल वाहून जाते. मग सौम्य आम्लाने लोह सोडवायचे, अमोनियाने साका पाडायचा आणि तापवून ऑक्साइड करायचे. त्यात चांदीची पूड मिसळून यंत्राच्या नमुना-धारकात ठासतात.

एवढे करूनही थोडे निकेल उरतेच. ते शेवटी यंत्रात वेगळे होते, आणि त्यासाठी आयनांना दीडशे एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) वर ऊर्जा लागते. वायू भरलेल्या चुंबकातून जाताना लोह (अणुक्रमांक २६) आणि निकेल (२८) यांचा सरासरी विद्युतभार वेगळा पडतो, म्हणून वाटाही वेगळ्या होतात. निकेलची वाट अडवतात. पुढे आयनीकरण कक्षात प्रत्येक आयनाने वाटेत किती ऊर्जा गमावली ते पाहून ओळख पटवतात. इतके मोठे त्वरक फार थोडे: म्युनिकजवळच्या गार्चिंगचा बंद झाला, ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराचा चालू आहे.

सगळ्या रसायनातून गेलेला कोरा नमुना (ज्यात हिम नाहीच) खऱ्या नमुन्याशी आलटून-पालटून मोजला नाही, तर हाती आलेल्या चार-दोन नोंदींवर माझा तरी विश्वास बसणार नाही.

आणखी एक पेच आहे. सूर्यमालेतल्याच धुळीतल्या निकेलवर वैश्विक किरण आदळूनही लोह-६० बनते. म्हणून त्याच हिमात मँगनीज-५३ हा किरणोत्सारी अणूही मोजतात. ते धुळीतल्या लोखंडापासून बनते, त्यामुळे धुळीच्या वाट्याचे लोह-६० किती असावे याचा अंदाज येतो. मोजलेले लोह-६० त्याहून जास्त भरले, तरच ते ताऱ्यांकडून आलेले मानतात.