ॲम्प्लिफायर आहे ना, मग हे काऊन?

प्रश्न: पोरगी नागपुरातच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट घेतलाय मशीन लर्निंग आणि ऑप्टिकल चिपनं फायबरमधला सिग्नल सुधारायचा. मी केबलवाला, फायबर जोडतो, पण मले हे समजलं नाही. सिग्नल खराब झाला तर ॲम्प्लिफायर लावा ना! आणि यानं घरचं नेट फास्ट होईल का? – एक वाचक, सक्करदरा

उत्तर: भाऊ, तुम्ही ओटीडीआरवर, म्हणजे फायबर तपासायच्या मशीनवर, बघता तो लॉस, म्हणजे सिग्नल कमजोर होणं, त्याला ॲम्प्लिफायर चालतो. इथं रोग वेगळा आहे, सिग्नलचा आकारच बिघडतो. सिग्नलमधे थोड्या वेगवेगळ्या वेव्हलेंथ असतातच आणि काचेत प्रत्येकीचा वेग जरासा वेगळा, त्यामुळं मारबतीच्या मिरवणुकीसारखं होतं, निघताना सगळे सोबत आणि पुढं जाऊन लांबच लांब रांग. हिशेब करून बघा ना, साध्या सिंगल मोड फायबरात 1550 नॅनोमीटरवर दर किलोमीटर, दर नॅनोमीटरमागं अंदाजे 17 पिकोसेकंदांचा फरक पडतो, सिग्नलमधल्या वेव्हलेंथचा पसारा 0.2 नॅनोमीटर, अंतर 100 किलोमीटर, झाले 340 पिकोसेकंद. आणि 25 गिगाबॉडला, म्हणजे सेकंदाला 25 अब्ज सिम्बॉल (डेटा वाहणारे ठोके) पाठवताना, एका सिम्बॉलची जागा किती, फक्त 40 पिकोसेकंद! म्हणजे एक सिम्बॉल सात-आठ शेजाऱ्यांच्या अंगावर. ॲम्प्लिफायर हा गोंधळच मोठा करून पुढं ढकलतो.

एवढं तर रिसीव्हरमधली डीएसपी, म्हणजे सिग्नलवर गणित करणारी चिप निस्तरते, त्याला एआय लागत नाही. खरी कटकट पुढची आहे, पॉवर वाढवली की काचेचे गुणच बदलतात, सिग्नल स्वतःलाच बिघडवतो, आणि ते उलटं फिरवायचं गणित एवढं मोठं की चिप वीज खाते, तापते. म्हणून न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या एआयला, आधीच माहीत असलेला डेटा देऊन बिघाड शिकवतात आणि गुणाकार-बेरजा प्रकाशाकडूनच करून घेतात. प्रिन्स्टन आणि एनईसी लॅब्जवाल्यांनी 2021 मधे सिलिकॉनची अशी चिप पॅसिफिकपारच्या 10,080 किलोमीटरच्या लिंकसाठी दाखवली. त्या गुणाकारातले आकडे, म्हणजे नेटवर्कची वजनं, ठरवायचं काम मात्र सहसा कॉम्प्युटरवरच होतं, जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

पोरीला दोन गोष्टी सांगा. ट्रेनिंगला आणि टेस्टिंगला एकच रँडम सिक्वेन्स वापरला तर नेटवर्क बिघाड शिकत नाही, सिक्वेन्सच पाठ करतं, रिझल्ट मस्त दिसतो अन् सगळा खोटा, परीक्षक तिथंच पकडतील. दुसरं, तापमान बदललं की सिलिकॉनच्या चिपचं ट्यूनिंग हलतं, तर आपल्या मे महिन्यात लॅबचा एसी बंद पडला तर काय, याचं उत्तर तयार ठेवावं.

घरच्या नेटचं म्हणाल तर जीपॉनमधे, म्हणजे घरोघरी फायबर द्यायच्या पद्धतीत, अंतर वीसेक किलोमीटर आणि वेग अडीच गिगाबिट, तिथं हा त्रासच नाही. गिऱ्हाइकाची तक्रार आली तर आधी पॅच कॉर्ड कुठं दुमडली आहे का आणि कनेक्टर पुसलाय का ते बघा.