तिसरा नंबर कोणाचा?

प्रश्न : माझा मुलगा ह्यूस्टनला असतो, साडू जर्सी सिटीला. उंच इमारतींत न्यूयॉर्क पहिलं आणि शिकागो दुसरं, इथवर दोघांचं एकमत आहे. तिसऱ्या नंबरावरून मात्र फोनवर रोज वाजतं. मुलगा म्हणतो ह्यूस्टन, साडू म्हणतात मायामी. इंटरनेटवरच्या प्रत्येक यादीत आकडे वेगळे. शिवाय आम्ही दोघं तिकडे जाऊन आलो तेव्हा मला न्यूयॉर्कपेक्षा शिकागो जास्त देखणं वाटलं. तसं म्हटलं की दोघंही हसतात. आपण शिकागोत बरीच वर्षं स्ट्रक्चरल इंजिनिअर होतात, म्हणून विचारतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आजच्या घडीला साडूंचं बरोबर आहे. पण चिरंजीवांनी एवढ्यात हार मानायचं कारण नाही.

आधी रेघ कुठे मारायची ते ठरवा. या धंद्यात सर्वसाधारणपणे १५० मीटरची रेघ धरतात, म्हणजे ढोबळमानाने चाळीस-पंचेचाळीस मजले. त्या रेघेच्या वर न्यूयॉर्कमध्ये तीनशेहून जास्त इमारती आहेत, शिकागोत सव्वाशेहून जास्त. मायामीने पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे आणि ह्यूस्टन चाळिशीच्या आसपास आहे. हिशोब मिटला.

आता तीच रेघ ३०० मीटरवर न्या. न्यूयॉर्कमध्ये पंधराहून जास्त, शिकागोत सात, ह्यूस्टनमध्ये दोन, लॉस एंजेलिसमध्ये दोन. मायामीत? हे लिहितोय तोवर बांधून पुरी झालेली एकही नाही. म्हणजे या यादीत तुमचे चिरंजीव लॉस एंजेलिसबरोबर तिसरा नंबर वाटून घेतात आणि साडूंची मायामी यादीबाहेर!

असं होतं, कारण दोन शहरांना वर चढवणारा पैसा वेगळा आहे. ह्यूस्टनचे मोठे टॉवर तेलाच्या तेजीतले, कचेऱ्यांचे. आज जेपीमॉर्गन चेस टॉवर म्हणतात तो ३०५ मीटरचा, १९८२चा. वेल्स फार्गो प्लाझा १९८३चा. पुढे तेलाचे भाव कोसळले आणि ४२८ मीटरचा एक टॉवर कागदावरच राहिला. त्या उंचीचं काही तिथे पुन्हा उभं राहिलं नाही. मायामीचे टॉवर बहुतेक फ्लॅटचे, गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले. त्यात लॅटिन अमेरिकेतून आलेला पैसा भरपूर. विमानतळ शहराला खेटून असल्यामुळे उंचीवर बंधन आहे, म्हणून संख्या वाढते पण सगळ्यांची डोकी जवळपास एका पातळीत राहतात. मला विचाराल तर समुद्राकडून मायामी म्हणजे दाट लावलेला ऊस दिसतो.

याद्यांमध्ये आकडे वेगळे येतात त्याला आणखी एक कारण आहे: कळस धरायचा की नाही. इमारतीच्या रचनेचा भाग असलेला कळस उंचीत धरतात, नंतर चढवलेली अँटेना धरत नाहीत, असा नियम आहे. वाचायला सोपा आहे, पण त्यावरून केवढं राजकारण होतं! न्यूयॉर्क टाइम्सच्या इमारतीची गच्ची २२८ मीटरवर आहे, वरची काठी मोजली की ३१९. त्या काठीच्या जोरावर ती तीनशेच्या क्लबात. वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचीही तीच गोष्ट. त्याची गच्ची ४१७ मीटर आणि शिकागोच्या विलिस टॉवरची ४४२. पण वरचा दांडा धरून वर्ल्ड ट्रेड ५४१ मीटर होतं, म्हणजे १७७६ फूट, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं साल. दांडा कळस की अँटेना, याचा निकाल २०१३ साली उंच इमारतींच्या जागतिक परिषदेच्या समितीने दिला, आणि तोही शिकागोत बसून: कळस! विलिसच्या माथ्यावरच्या दोन पांढऱ्या काठ्या मात्र अँटेनाच. त्या धरल्या असत्या तर विलिस ५२७ वर गेला असता. आमच्या ऑफिसातले जुने लोक यावर कितीही वेळ बोलू शकत, आणि बोलतही.

साडूंना एक चिमटा काढून ठेवा. त्यांच्या गावातला ९९ हडसन हा २७४ मीटरचा टॉवर मॅनहॅटनसमोर नदीकाठी उभा आहे, आणि न्यूयॉर्कच्या फोटोंत हमखास येतो. पण मोजताना तो न्यूजर्सीच्या खात्यात जातो. स्कायलाइन डोळ्याला एक दिसते, मोजणी नगरपालिकेच्या हद्दीप्रमाणे होते.

आता तुमच्या शिकागोबद्दल. तुम्हाला हसणाऱ्यांना हसू द्या, मी तुमच्या बाजूचा आहे. शिकागोत समोर तळं आहे, अथांग आणि मोकळं. अ‍ॅडलर तारांगणाच्या टोकावर जाऊन उभं राहिलं की सगळं शहर एका नजरेत येतं, मध्ये काही आडवं येत नाही. आणि तिथल्या टॉवरांना आपापलं अंग आहे. विलिसचंच बघा. ढाक्यात जन्मलेल्या फझलूर रहमान खान यांनी त्याचा सांगाडा नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून उभा केला, प्रत्येक नळी साधारण २३ मीटर रुंद. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्या पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, उरलेले दोन कोपरे सहासष्टाव्यावर, आणखी तीन नळ्या नव्वदाव्यावर. वरपर्यंत जातात फक्त दोन. म्हणून तो पश्चिमेकडून एक दिसतो आणि पूर्वेकडून दुसराच. एकटीदुकटी नळी वाऱ्याने डोलली असती, जुडी बांधल्यावर सगळ्या मिळून वारा पेलतात.

न्यूयॉर्कचं सौंदर्य गर्दीचं आहे. एक घोळका मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, दुसरा मिडटाउनमध्ये, म्हणजे बेटाच्या मधल्या भागात, आणि दोन्हींच्या मध्ये खोलगट. पाया टेकवायचा खडक तिथे खोल म्हणून मध्ये टॉवर नाहीत, असं गाइड सांगतात. पण ग्रँड सेंट्रल आणि पेन ही मोठी रेल्वे स्टेशनं मिडटाउनला आहेत, हे कारण मला जास्त पटतं. सत्तावन्नाव्या रस्त्यावरच्या सुईसारख्या टॉवरांचं गमक आपल्याकडच्या बिल्डरला लगेच कळेल. शेजारच्या बुटक्या इमारतींचा न वापरलेला एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते त्यातला उरलेला वाटा, विकत घ्यायचा आणि आपल्या प्लॉटवर चढवायचा. बांधकामाचा हक्क दुसऱ्या प्लॉटवर नेण्याच्या आपल्याकडच्या टीडीआरचाच भाऊबंद म्हणा. त्यातली १११ वेस्ट ५७ नंबरची इमारत ४३५ मीटर उंच, आणि रुंदी उंचीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी. हिशोब म्हणून कमाल आहे. राहायला मला कोणी फुकट दिली तरी नको.

प्रश्न : कॅपिटॉलपेक्षा उंच इमारत वॉशिंग्टनमध्ये बांधायला कायद्याने बंदी आहे, असं आमचे सर म्हणाले. खरं आहे का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : बंदी खरी, पण तिचं कारण कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेचं संसद भवन, हे नाही. १८९४ साली तिथे कैरो नावाची सुमारे ५० मीटरची निवासी इमारत उभी राहिली. शेजाऱ्यांनी ओरड केली: आग लागली तर बंबाची शिडी तिथवर पोचणार कशी? त्यातून १८९९चा कायदा झाला आणि मग १९१०चा. समोरच्या रस्त्याची रुंदी अधिक २० फूट, एवढीच उंची. व्यापारी रस्त्यावर कमाल १३० फूट आणि पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूच्या काही भागात १६०. कॅपिटॉलचा घुमट २८८ फुटांचा, म्हणजे ही मर्यादा त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे १५० मीटरच्या इमारतींच्या यादीत अमेरिकेच्या राजधानीपुढे शून्य आहे. पोटोमॅक ओलांडून व्हर्जिनियातल्या रॉसलिनला गेलात की लगेच काचेचे टॉवर लागतात, कारण हा कायदा नदीच्या पलीकडे लागू नाही.